डिझास्टर मॅनेजमेंटला अ‍ॅडमिशन घेतलीय? मग या चुका टाळा

या कोर्सला येणाऱ्या बऱ्याच जणांच्या डोळ्यासमोर हेल्मेट, दोर आणि बोट असते, मी पण तशीच आलेले, आणि मग पहिल्याच सेमिस्टरला बिल्डिंग कोड (बांधकामाचे नियम), जमीन वापराचे नकाशे, बजेट असलं सगळं समोर आलं की मूडच जातो आणि लेक्चरला दांड्या सुरू होतात. रेस्क्यू हा यातला एक तुकडा आहे, त्याचं ट्रेनिंग वेगळं असतं. इथे जास्त वेळ जातो तो घटना घडायच्या आधीच्या कामांवर.

मार्क सगळ्यात जास्त कुठे जातात माहितीये? हॅझर्ड आणि डिझास्टर एकच समजण्यात. भूकंप हा हॅझर्ड, म्हणजे नुसता धोका, त्याच्या तडाख्यात किती माणसं येतात आणि ती किती दुबळी त्यावर डिझास्टर ठरतं. 2010 चंच घ्या. जानेवारीत हैतीला 7.0 चा भूकंप, फेब्रुवारीत चिलीला 8.8 चा, म्हणजे चिलीत जवळपास 500 पट जास्त ऊर्जा बाहेर पडली. तरी चिलीत मेले साधारण 500 लोक आणि हैतीचा सरकारी आकडा 3 लाखांच्या वर. आता इथे दुसरी चूक होते, सगळं श्रेय बिल्डिंग कोडला देऊन मोकळं व्हायचं. कोडचा वाटा मोठा आहेच, पण हैतीचा केंद्रबिंदू राजधानीपासून जेमतेम 25 किलोमीटरवर होता आणि चिलीचा समुद्रात, हे पण लिहायला लागतं. आणि हो, हैतीचा तो सरकारी आकडा वादात आहे, त्यामुळे एकच आकडा छातीठोकपणे टाकू नका, कोणाचा आहे ते सांगा.

'100 वर्षांचा पूर' म्हणजे एकदा आला की आता 100 वर्षं निवांत, असं नाही हो! दर वर्षी 1 टक्का शक्यता, एवढाच त्याचा अर्थ. अशा पूरपट्ट्यातल्या घरासाठी 30 वर्षांचं होमलोन घेतलेल्या माणसाला त्या काळात एकदा तरी तसा पूर बघायला लागायची शक्यता 26 टक्क्यांच्या आसपास निघते, कॅल्क्युलेटर घेऊन करून बघा.

प्लॅनमध्ये 'लोक घाबरून सैरावैरा पळतील म्हणून माहिती उशिरा द्यावी' असं लिहिणारा एक तरी असतोच. एन्रिको क्वारांटेली या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने आणि मंडळींनी 1963 मध्ये डिझास्टर रिसर्च सेंटर काढलं, तेव्हापासूनचा अभ्यास उलटंच सांगतो, बहुतेक लोक घरच्यांना शोधतात, शेजाऱ्याला बाहेर काढतात, आणि खरा प्रॉब्लेम असतो तो वॉर्निंग मिळूनही लोक जागचे हलत नाहीत हा.

जीआयएसमध्ये, म्हणजे नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये, नदीचा लेयर एकीकडे आणि घरं भलतीकडेच दिसत असतील तर घाबरू नका, सीआरएस बघा, म्हणजे लेयर कोणत्या कोऑर्डिनेट पद्धतीत आहे ते. पण नुसतं सेटिंगमध्ये नाव बदललं की झालं असं नसतं, त्याने फक्त लेबल बदलतं. लेबलच चुकलेलं असेल तर ते बरोबर करायचं, पण लेयर दुसऱ्या सीआरएसमध्ये न्यायचा असेल तर तो रीप्रोजेक्ट करून, म्हणजे आतले कोऑर्डिनेटच बदलून, नवीन फाइल सेव्ह करायची. आणि 500 मीटरचा बफर, म्हणजे भोवतीचा पट्टा, टाकल्यावर अख्खी पृथ्वी रंगली तर सॉफ्टवेअरने 500 डिग्री धरलेत, मीटरवाल्या प्रोजेक्शनमध्ये जा. माझी एक अख्खी रात्र यात गेलीये.

शेवटचं टेबलटॉप एक्सरसाइजचं, म्हणजे टेबलाभोवती बसून करायच्या आपत्तीच्या सरावाचं. सगळेच हिरो होतात, ऑर्डर सोडतात आणि लिहून कोणीच घेत नाही. आमच्या एका एक्सरसाइजमध्ये दोन टीमनी एकाच हॉस्पिटलला पेशंट पाठवून दिले आणि ते भरल्याचं 20 मिनिटांनी कळलं. त्यामुळे सुरुवातीलाच इन्सिडेंट कमांडर, म्हणजे सगळी सूत्रं ज्याच्या हातात तो, कोण ते ठरवा, एका माणसाच्या हाताखाली 3 ते 7 जणच ठेवा, आणि एकाला फक्त लॉग लिहायला बसवा, वेळेसकट. तो बिचारा बोअर होतो, पण नंतरच्या रिव्ह्यूला सगळे त्याच्याच वहीत डोकं घालून बसतात.