दोन वह्या आणि एक बंद दार : क्वांटमचे अन्वयार्थ कसे समजून घ्यावेत

रविवारी सकाळी माझ्याकडे बारावी-बीएस्सीची चार-पाच मुलं येतात. क्वांटम सिद्धांत (अणू आणि प्रकाशकणांचे नियम सांगणारा) आणि त्याचे अन्वयार्थ, म्हणजे त्याचं गणित जगाबद्दल नेमकं काय सांगतं याची वेगवेगळी उत्तरं, यांबद्दल कुठेतरी काहीतरी वाचलेलं असतं, आणि पहिला प्रश्न ठरलेला : "मॅडम, यातलं खरं कुठलं?" तो प्रश्न मी बाजूला ठेवायला लावते. आधी हातात काहीतरी घ्या.

पोलरायझरच्या, म्हणजे एकाच दिशेने कंप पावणारा उजेड पुढे सोडणाऱ्या, तीन पट्ट्या पुरतात. एक खिडकीसमोर धरा, दुसरी तिच्यावर ठेवून काटकोनात फिरवा. काळोख होतो. आता तिसरी पट्टी दोघींच्या मधे, ४५ अंशांत तिरकी सरकवा. उजेड परत येतो! पट्ट्या आदर्श असतील, तर पहिलीतून निघालेल्या उजेडाचा चौथा हिस्सा शेवटपर्यंत पोचतो.

इथे घाई करू नका. एवढं तर तरंगांच्या जुन्या सिद्धांतानेही समजतं. अडचण सुरू होते ती उजेड इतका मंद केल्यावर, की एका वेळी एकच फोटॉन, म्हणजे उजेडाचा एकच कण, यावा. फोटॉन अर्धा होत नाही. तो पार जातो किंवा अडतो, आणि मधल्या पट्टीपाशी क्वांटम सिद्धांत फक्त 'निम्मी शक्यता' इतकंच सांगतो.

आता दोन वह्या घ्या. एक जण वही घेऊन आतल्या खोलीत जाईल आणि दार लावून घेईल. दुसरा बाहेर बसेल. आतल्याने नाणं उडवून निकाल लिहायचा. बाहेरच्याने आपल्या वहीत काय लिहावं? "छापा किंवा काटा. आत ठरलंय, मला माहीत नाही." बरोबर आहे. आता नाण्याच्या जागी तो एकटा फोटॉन आणि पट्टी आहे असं समजा. भौतिकशास्त्रज्ञ यूजीन विग्नर यांनी १९६१ मध्ये दाखवलं, की सिद्धांत काटेकोर पाळला तर बाहेरच्याला वेगळं लिहावं लागतं : फोटॉन आणि आतला मित्र, दोघे मिळून सुपरपोझिशनमध्ये आहेत, म्हणजे 'पार गेला' आणि 'अडला' या दोन्ही शक्यता एकत्र असलेल्या अवस्थेत, एकही ठरलेली नाही. ही दोन वाक्यं एकच गोष्ट सांगत नाहीत. अख्ख्या खोलीवर पुरेसा नाजूक प्रयोग करता आला, तर व्यतिकरणावरून (दोन शक्यता तरंगांसारख्या एकमेकींना वाढवतात किंवा पुसतात, त्यावरून) त्यांतला फरक तत्त्वतः दिसेल. हा मुद्दा कळेपर्यंत पुढे जाऊ नका. माझ्याकडे यावर पूर्ण एक रविवार जातो.

मग प्रत्येक अन्वयार्थाला एकच प्रश्न विचारा : दार उघडण्याआधी आतल्या वहीत काय लिहिलेलं आहे? आणि उत्तरासाठी तो काय सोडायला तयार आहे, तेही शेजारी लिहा.

चार भौतिकशास्त्रज्ञांचे अन्वयार्थ घेऊ. डेव्हिड बोम (१९५२) म्हणतील, एकच निकाल, ठरलेला. पण दूरच्या घटनांचा इथे तत्काळ परिणाम होतो हे मान्य करावं लागतं. ह्यू एव्हरेट (१९५७) म्हणतील, दोन्ही निकाल लिहिलेले आहेत. मग 'निम्मी शक्यता' या शब्दांचा अर्थ काय, हे त्यांना नव्याने सांगावं लागतं. नील्स बोर उपकरणाचं वर्णन रोजच्या भाषेतच करायला लावतात. खोलीतलं काय उपकरण आणि काय नाही, ती रेघ मात्र आपणच ओढायची. कार्लो रोव्हेली (१९९६) म्हणतात, आतल्याच्या संदर्भात निकाल आहे, बाहेरच्याच्या संदर्भात नाही, आणि दोघांपासून अलिप्त असं तिसरं आसन कुठेच नाही. माझा कल यांच्याकडे आहे. तरी दोन वह्या शेवटी जुळतात कशा, हा प्रश्न मला अजून छळतो. 'वह्या ताडून पाहणं हीसुद्धा एक आंतरक्रियाच' हे त्यांचं उत्तर मला पटतं, पण पुरत नाही.

दोन गोष्टी सांभाळा. 'निरीक्षक' म्हटलं की मन, चैतन्य असं मनात येतं. विग्नर यांनी तो मार्ग धरला होता, पण पुढे स्वतःच सोडला. बहुतेक अन्वयार्थांना साधा डिटेक्टरही चालतो. दुसरं, हत्ती आणि आंधळ्यांची गोष्ट. मुलं ती हमखास आणतात. तिथे हत्ती अख्खा उभा असतो, फक्त प्रत्येकाच्या हाती एक अवयव लागतो. इथे वाद आहे तो अख्खा हत्ती आहे का, यावरच. ही गोष्ट इथे लावली, की उत्तर आधीच बोमच्या बाजूला झुकतं.

मागच्या रविवारी आतल्या खोलीतून बाहेर आलेली एक मुलगी वही छातीशी धरून उभी राहिली. बाहेरचा मुलगा आपली सुपरपोझिशन वाचून दाखवत होता. ती म्हणाली, "पण माझ्यासाठी तर ते केव्हाच घडलं होतं." मी ते वाक्य फळ्यावर लिहिलं आणि प्रत्येकाला एकेका अन्वयार्थाच्या वतीने तिला उत्तर द्यायला सांगितलं. तुम्हीही असंच करा.

हे जमलं, की फ्राउखिगर आणि रेनर यांचा २०१८चा विचारप्रयोग घ्या. त्यात दोन खोल्या आहेत, आणि वह्या चार लागतात.