टेन्सचा तक्ता घोकण्याआधी वाक्यातली वेळ शोधा
इंग्रजीतल्या टेन्सचे, म्हणजे काळांचे, 12 प्रकार बघून मुलं घाबरतात आणि अख्खा तक्ता घोकत बसतात, पण पेपरात रिकामी जागा आली की तक्ता आठवतच नाही. त्यापेक्षा आधी वाक्यात वेळ सांगणारा शब्द शोधा. एव्हरी डे दिसलं की सहसा सिंपल प्रेझेंट, नाऊ असेल तर बहुतेक वेळा प्रेझेंट कंटिन्युअस, यस्टरडे किंवा अगो असेल तर सिंपल पास्ट.

खरा गोंधळ प्रेझेंट परफेक्टमध्ये, म्हणजे हॅव किंवा हॅज लावून होणाऱ्या काळात होतो. 'आय हॅव मेट हिम यस्टरडे' हे खूप मुलं लिहितात आणि ते चूक आहे, कारण सिन्सशिवाय नुसतं यस्टरडे आलं की हॅव चालत नाही, 'आय मेट हिम यस्टरडे' असंच लिहायचं. कधी भेटलो ते सांगायचं नसेल तरच 'आय हॅव मेट हिम'. सिन्सपुढे सुरुवात कधीपासून ते येतं, सिन्स मंडे, आणि फॉरपुढे किती काळ ते, फॉर थ्री डेज.

अजून एक, डज किंवा डिड आलं की क्रियापद मूळ रूपात, म्हणजे 'शी डिड नॉट गो', वेंट नाही! इथे फुकटचे मार्क जातात हो. इररेग्युलर क्रियापदांची तिन्ही रूपं (जसं गो, वेंट, गॉन) मात्र पाठच करावी लागतात, रोज 5 घ्या आणि प्रत्येकाचं स्वतःचं एक वाक्य वहीत लिहा.