विद्यार्थी विकासाचे काम अंगावर आल्यानंतरचे पहिले वर्ष

जून महिन्यात प्राचार्यांच्या सहीचे पत्र हातात पडते आणि विद्यार्थी विकास समितीचे समन्वयकपद आपल्याकडे दिल्याचे त्यात एका ओळीत लिहिलेले असते. काम नेमके कोणते, हे पत्रात नसते. युवा महोत्सवाला संघ पाठवणे, स्नेहसंमेलन पार पाडणे आणि नॅकच्या (महाविद्यालयांचे मूल्यांकन करणाऱ्या परिषदेच्या) अहवालासाठी छायाचित्रे जमवणे एवढेच हे पद आहे, असा समज बहुतेक महाविद्यालयांत असतो. ती कामे करावीच लागतात. तरीही काही वर्षे हे पद सांभाळल्यानंतर माझे ठाम मत झाले आहे की याचा गाभा पाठपुराव्यात आहे. विद्यार्थ्याची अडचण ज्या खिडकीशी अडली, तिथून ती सुटेपर्यंत कोणीतरी तिच्यामागे राहावे लागते, आणि ते कोणीतरी म्हणजे आपण.

सुरुवात वर्गाच्या यादीपासून करावी. प्रत्येक विद्यार्थ्याच्या नावापुढे गाव, कोल्हापुरात राहण्याचे ठिकाण, येण्याजाण्याचे साधन आणि घरातील कोणत्या व्यक्तीला फोन करायचा, ही माहिती पहिल्या तीन आठवड्यांत भरून घ्यावी. गगनबावडा, शाहूवाडी, राधानगरी किंवा भुदरगड तालुक्यांतून रोज एसटीने ये-जा करणारा मुलगा पहिल्या तासाला सतत उशिरा येत असेल, तर त्याला शिस्तीचे पत्र देण्याआधी गाडीचे वेळापत्रक पाहणे आपले काम आहे. राहण्याची सोय नसेल तर शिक्षण पोहोचत नाही, हे या शहराला नव्याने सांगावे लागत नाही. राजर्षी शाहू महाराजांच्या पाठबळाने 1901 मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग उभे राहिले, 1908 मध्ये अस्पृश्य मानल्या गेलेल्या विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग सुरू झाले, आणि वेगवेगळ्या समाजांच्या वसतिगृहांमुळे कोल्हापूरला वसतिगृहांची जननी म्हटले गेले. आज कॉट बेसिसवर तिघे-चौघे एका खोलीत राहतात. खाणावळीचे महिन्याचे पैसे थकले की मुले गावी जातात आणि आपल्या हजेरीपटावर ती फक्त ‘गैरहजर’ दिसतात.

दुसरी गोष्ट म्हणजे नोंदवही. साधी, जाड पुठ्ठ्याची, हाताने लिहिलेली वही पुरते. विद्यार्थी आल्याची तारीख, त्याने सांगितलेले काम, ते कोणाकडे पाठवले, उत्तर कधीपर्यंत यायला हवे आणि प्रत्यक्षात काय झाले, असे पाच रकाने आखावेत. शेवटचा रकाना रिकामा असलेल्या नोंदी दर शनिवारी वाचाव्यात. ही वही कपाटात कुलपात ठेवावी आणि खासगी स्वरूपाची बाब तिच्यात तपशिलाने लिहू नये.

या वहीचे मोल मला एका विद्यार्थिनीमुळे कळले. दुसऱ्या वर्षाला शिकणारी ती मुलगी एका सत्रात तिसऱ्यांदा बोनाफाईड मागायला आली. “सर, मागल्या आठवड्यात पण आलतो, पण खिडकी बंद होती,” ती म्हणाली. वहीत आधीच्या दोन नोंदी दिसल्या म्हणून मी तिला बसवून घेतले आणि इतके दाखले कशाला लागतात, असे विचारले. शिष्यवृत्ती मंजूर असूनही पैसे खात्यात आले नव्हते आणि बँकेत कोणी बोनाफाईड आण म्हणाले होते. तिने परीक्षा शुल्क मामाकडून उसने घेऊन भरले होते. तपासल्यावर कळले की शिष्यवृत्तीची रक्कम आधारशी जोडलेल्या खात्यात जमा होते, आणि तिचे आधार आईने बचत गटाच्या वेळी काढून दिलेल्या दुसऱ्याच बँकेतील खात्याला जोडलेले होते. पैसे त्या खात्यात कधीच आले होते. दाखल्याची गरजच नव्हती. आम्ही दोनदा दाखला देऊन तिला परत पाठवले होते, ही चूक आमच्या कार्यालयाची होती आणि त्यात मीही होतो.

तेव्हापासून महाडीबीटीचे, म्हणजे शिष्यवृत्तीचे अर्ज भरण्याच्या राज्य शासनाच्या संकेतस्थळाचे काम मी केवळ लिपिकावर सोडत नाही. अर्ज भरण्याची मुदत सुरू होताच एक दिवस संगणक कक्षात बसून जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, आधार जोडलेले खाते आणि मोबाईल क्रमांक या चार गोष्टी विद्यार्थ्यांसमोरच तपासाव्यात. महाविद्यालयाच्या लॉगिनला किती अर्ज प्रलंबित आहेत, याची छापील प्रत दर पंधरा दिवसांनी प्राचार्यांच्या टेबलावर ठेवावी आणि त्रुटीसाठी परत पाठवलेल्या अर्जांच्या विद्यार्थ्यांना फोन करावा, कारण सूचनाफलक बाहेरगावच्या मुलांपर्यंत वेळेत पोहोचत नाही. आठ लाख रुपयांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी 2024-25 पासून शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे, हे अनेक पालकांना प्रवेश घेतानाही माहीत नसते.

तक्रारींच्या समित्यांबाबत कागद पूर्ण असणे आणि समिती जिवंत असणे यांत फरक करावा. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2023 च्या विनियमांनुसार विद्यार्थी तक्रार निवारण समितीने तक्रार आल्यापासून 15 कामकाजाच्या दिवसांत अहवाल द्यायचा असतो, आणि निर्णय मान्य नसेल तर विद्यार्थ्याला अशा तक्रारींसाठी विद्यापीठाने नेमलेल्या लोकपालाकडे जाता येते. लैंगिक छळाची तक्रार मात्र या समितीकडे न नेता थेट अंतर्गत समितीकडे द्यावी. तिथे मध्यस्थी करून ‘आपसांत मिटवा’ असे सुचवण्याचा अधिकार आपल्याला नाही. रॅगिंगविषयी महाराष्ट्राचा स्वतंत्र कायदा 1999 पासून आहे. तक्रार आल्यावर संस्थाप्रमुखांनी सात दिवसांत चौकशी करावी, प्रथमदर्शनी तथ्य आढळल्यास विद्यार्थ्याला निलंबित करून प्रकरण पोलिसांकडे पाठवावे, असे तो सांगतो, आणि टाळाटाळ करणाऱ्या संस्थाप्रमुखालाही जबाबदार धरतो. ‘संस्थेचे नाव खराब होईल’ हा मुद्दा बैठकीत निघाल्यास कायद्याचे हे कलम शांतपणे वाचून दाखवावे. नव्या समन्वयकाच्या धैर्याची पहिली परीक्षा बहुधा याच बैठकीत होते.

सर्वांत अधिक तयारी मानसिक आरोग्याच्या प्रश्नासाठी हवी. 100 किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शैक्षणिक संस्थेने किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता नेमावा, असे सर्वोच्च न्यायालयाने जुलै 2025 मध्ये सांगितले आहे. तशी नेमणूक झाली नसेल तर त्यासाठी लेखी मागणी करावी आणि तिची पोच जपून ठेवावी. नेमणूक झाली तरी पहिला माणूस बहुधा आपणच असतो. एखादा विद्यार्थी ‘आता काही उरले नाही’ अशा अर्थाचे बोलला, तर उपदेश करू नये, इतरांची उदाहरणे देऊ नयेत. खोलीचे दार लोटून घ्यावे, समोर बसावे आणि जीव देण्याचे विचार मनात येतात का, हे सरळ शब्दांत विचारावे. असे विचारल्याने तो विचार मनात रुजत नाही. उलट, बोलण्याची वाट मोकळी होते. ‘कोणालाही सांगणार नाही’ असे वचन देऊ नये. ‘तुझ्या सुरक्षेसाठी गरज पडली तर मी मदत घेईन आणि तुला सांगूनच घेईन’ एवढेच म्हणावे. त्याला एकटे न सोडता समुपदेशक किंवा डॉक्टरांकडे स्वतः घेऊन जावे. टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी मदतवाहिनीचा 14416 हा क्रमांक दिवसरात्र सुरू असतो आणि तिथे मराठीत बोलता येते. तो ओळखपत्राच्या मागे छापून घेतला तर खर्चही वेगळा येत नाही.

विद्यार्थी प्रतिनिधींशी वागताना एक पथ्य पाळावे. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, 2016 मध्ये विद्यार्थी परिषदेची तरतूद आहे, पण प्रतिनिधी कसेही निवडले गेले असोत, त्यांना केवळ मंडप आणि ध्वनिक्षेपकाच्या कामाला लावू नये. ग्रंथालयाची वेळ, मुलींच्या स्वच्छतागृहातील पाणी, अंतर्गत गुणांविषयीची नाराजी हे विषय त्यांनीच बैठकीत मांडावेत आणि इतिवृत्तात त्यांच्या शब्दांत यावेत. आपण प्रशासनाचे वकील होऊन उत्तर देऊ लागलो की पुढच्या बैठकीत मुले गप्प बसतात.

पावसाळ्याची तयारी कोल्हापुरात याच विभागाने करायला हवी. 2019 आणि 2021 च्या महापुरांत रस्ते बंद झाले आणि मुले गावांत किंवा खोल्यांवर अडकली. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी 39 फूट आणि धोका पातळी 43 फूट आहे. पाणी इशारा पातळीकडे सरकू लागताच, मच्छिंद्री होण्याची, म्हणजे शिवाजी पुलावरील माशाच्या खुणेला पाणी लागण्याची वाट न पाहता, सुरुवातीला केलेली गावांची यादी काढावी, नदीकाठच्या आणि पूल बंद होणाऱ्या मार्गांवरील विद्यार्थ्यांना वेळेत घरी जाऊ द्यावे किंवा शहरात थांबण्याची सोय करावी, आणि त्या दिवसांतील अंतर्गत परीक्षा नंतर घेण्याची मंजुरी प्राचार्यांकडून आधीच लेखी घेऊन ठेवावी.

वर्ष संपताना पद बदलले तर नोंदवही नव्या समन्वयकांच्या हाती नुसती देऊ नये. अर्धा दिवस एकत्र बसून शेवटचा रकाना रिकामा असलेली प्रत्येक नोंद त्यांना समजावून सांगावी, आणि त्या प्रत्येक विद्यार्थ्याला फोन करून आता कोणाला भेटायचे, ते नाव आणि त्यांच्या बसण्याची खोली सांगावी.