सामाजिक संस्थांचं नेटवर्क बांधताय? निदान या चुका टाळा

नेटवर्क कशाला लागतं हे कळायला ऊसतोडीला जाणाऱ्या मुलांचं उदाहरण पुरेसं आहे. दिवाळीच्या आसपास बीडमधलं पोरगं आईबापाबरोबर उठतं आणि कोल्हापूर-सांगलीकडच्या एखाद्या कारखान्याच्या तळावर जाऊन पडतं. बीडची संस्था त्याला ओळखते, पण तिथं पोचू शकत नाही. तिकडच्या संस्थेला ते रोज दिसतं, पण ते कितवीत आहे, कुठल्या शाळेचं आहे, काही पत्ता नसतो. ही गाठ मारायला दोन्हीकडची माणसं लागतात. इतकी सरळ गोष्ट लोक कशी नासवतात ते वर्षानुवर्षं बघतोय, म्हणून एकदाचं लिहून टाकतो.

माझी सगळ्यात नावडती चूक म्हणजे दुसऱ्याच बैठकीत निघणारा नेटवर्कच्या नोंदणीचा विषय. कुणीतरी उत्साही गडी उठतो, "रजिस्ट्रेशन करून टाकू, मग सीएसआर येईल." येत नाही! सीएसआरचा, म्हणजे कंपन्यांनी समाजकामासाठी काढलेला पैसा घ्यायचा तर आपल्यासारख्या संस्थेकडे आयकर खात्याची १२ए आणि ८०जी नोंदणी लागते, सीएसआर-१ हा सरकारी फॉर्म भरलेला लागतो आणि तशाच कामाचा किमान ३ वर्षांचा अनुभव लागतो. काल जन्मलेल्या फेडरेशनकडे तो कुठून येणार? पदरात पडतं ते घटना, कार्यकारिणी, दरवर्षीचं ऑडिट, आणि विश्वस्त बदलला की ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज.

मराठवाड्यातल्या एका नेटवर्कनं हे सगळं हौसेनं केलं. ऑफिस भाड्यानं घेतलं, पूर्णवेळ समन्वयक नेमला. पगार सुरू झाला की तो चालू ठेवायला प्रपोजल लिहावी लागतात. नेटवर्कनं ज्या फंडरकडे, म्हणजे निधी देणाऱ्या संस्थेकडे, अर्ज टाकला, त्याच्याकडेच त्याच तालुक्यांसाठी दोन घटक संस्थांचे अर्ज आधीपासून होते. फंडरच्या माणसानं त्यातल्या एका संस्थेच्या ताईंना फोनवर सहज विचारलं, "नेटवर्क तुमचंच ना? मग वेगळा अर्ज कशाला?" पुढच्या बैठकीला मी हजर होतो. ताईंनी इतिवृत्त वाचूच दिलं नाही. म्हणाल्या, "याद्या आमच्या, फोटो आमचे, आणि पैसे मागायला तुम्ही?" समन्वयक खाली बघत बसला. राजीनामा कुणीच दिला नाही. पण पुढच्या वेळेपासून संस्थाप्रमुखांच्या जागी कालपरवा लागलेले कार्यकर्ते यायला लागले, आणि ते प्रत्येक विषयावर "विचारून सांगतो" म्हणायचे. वर्षभरात कारभार आटोपला. ऑफिसचं डिपॉझिट कुणी परत घ्यायचं, यावर तेवढा वाद चालू राहिला.

मी काय करतो? दोन हंगाम एकत्र काम होईपर्यंत नोंदणीचं नाव काढू देत नाही. खर्च एक यजमान संस्था सांभाळते, एका पानाचा करार असतो आणि दर तीन महिन्यांनी हिशेब सगळ्यांना जातो. घटक संस्था ज्या फंडरकडे जाते, तिथं तिला विचारल्याशिवाय नेटवर्क जाणार नाही, हे लेखी असतं.

यजमान निवडताना पैसा कुठला हे बघा. परदेशी देणग्यांना एफसीआरए कायदा लागतो. "मोठ्या संस्थेच्या एफसीआरएमध्ये घेऊ, मग वाटू" हा शॉर्टकट सप्टेंबर २०२० मध्ये बंद झाला. समोरच्या संस्थेकडे स्वतःची एफसीआरए नोंदणी असली तरी हा निधी तिला देता येत नाही. प्रशासकीय खर्चाची मर्यादाही तेव्हाच ५० वरून २० टक्क्यांवर आली. तरी अजून लोक हेच सुचवतात. अशांना मी चहा पाजून सीएकडे धाडतो.

दुसरी चीड आणणारी गोष्ट म्हणजे माहितीचा फॉर्म. पुण्यात लॅपटॉपवर बसलेल्या कुणीतरी बनवलेला, चाळीस रकान्यांचा. जात, शेती, घराचा प्रकार, आईचं शिक्षण, सगळं. गाडी भरून निघायच्या आदल्या रात्री वाडीवर फिरणारा कार्यकर्ता तो भरेल? भरलाच तर अंदाजपंचे भरेल. मुलगा तळावर शोधायला पाच गोष्टी पुरतात: नाव, इयत्ता, मूळ शाळा, कारखाना, टोळी नेणाऱ्या मुकादमाचा फोन. मुकादमाचा नंबर पहिला घ्या. टोळी ऐनवेळी कारखाना बदलते, मुकादम सहसा तोच राहतो. शाळेनं शिक्षण हमी पत्रक (स्थलांतरित मुलाला दुसरीकडच्या शाळेत बसता यावं म्हणून दिलेला कागद) दिलं का, एवढी एक खूण जोडा. बाकीचं नंतर. आणि ही यादी व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नका, लेकरांची माहिती आहे ती. या टोकाचा एक माणूस, त्या टोकाचा एक, बास.

बाकीच्या थोडक्यात.

घटक संस्थांना न विचारता पत्रकाखाली त्यांची नावं छापू नका. ज्यांचं जिल्हा परिषदेत रोजचं काम असतं, त्यांना दुसऱ्या दिवशी साहेबांसमोर उभं राहावं लागतं.

ग्रुपवरचे अंगठे म्हणजे ठराव नव्हे.

समन्वयक सगळ्यात मोठ्या संस्थेचाच नसावा. असलाच तर अजेंडा दुसऱ्यानं काढावा.

प्रत्येक बैठक पुण्यात ठेवाल तर लहान संस्था गळतील. प्रवासखर्च हातात आणि त्याच दिवशी द्या. "बिलं पाठवा, बघू" ऐकलेला माणूस पुन्हा येत नाही.

आणि वार्षिक बैठक जून-जुलैमध्ये घ्या. ऑक्टोबरमध्ये बीडची माणसं याद्या करत फिरत असतात; जानेवारीत कोल्हापूरची तळावर असतात.