फंक्शनला डेटा देताना नेमकं काय होतं (सी आणि पायथन नव्याने शिकणाऱ्यांसाठी)

एफवायला नाहीतर डिप्लोमाला सी सुरू झालं की लूपपर्यंत सगळे मजेत असतात, फंक्शनचा चॅप्टर आला की निम्मा वर्ग गप्प. मी बरीच वर्षं ज्युनियर पोरापोरींची प्रॅक्टिकल घेत आलोय आणि माझं मत असं झालंय की फंक्शन लिहिणं कुणालाच जड जात नाही, डेटा आत जातो कसा आणि बाहेर येतो कसा इथेच सगळं अडतं.

लाईटबिलाचा प्रोग्रॅम घ्या, जर्नलमध्ये असतोच तो. समजा पहिल्या 100 युनिटला 5 रुपये आणि त्यापुढे 8 रुपये, म्हणजे 150 युनिटचे 900. आता बहुतेक जण काय करतात, बिल नावाचं फंक्शन लिहितात, त्याच्या आतच स्कॅनएफने युनिट विचारतात आणि आतच प्रिंटएफने बिल छापतात. चालतं की, आउटपुट बरोबर येतं, सही पण मिळते. मग मी म्हणतो, आता अख्ख्या बिल्डिंगच्या फ्लॅटचं एकूण बिल काढ. की झालं, कारण 900 हा आकडा स्क्रीनवर दिसतोय पण मेनच्या (प्रोग्रॅम जिथून सुरू होतो ते फंक्शन) हातात काहीच नाहीये. फंक्शन व्हॉइड (म्हणजे काहीच परत न देणारं) ठेवून त्याचं उत्तर टोटलमध्ये मिळवायला गेलात तर जीसीसी हा सी चा कंपायलर 'व्हॉइड व्हॅल्यू नॉट इग्नोर्ड ॲज इट ऑट टू बी' असं काहीतरी जुन्या इंग्रजीतलं वाटणारं एरर फेकतो आणि पोरं माझ्या तोंडाकडे बघतात. पायथनमध्ये तर रिटर्न लिहिलं नाही तर गुपचूप नन (None, म्हणजे 'काहीच नाही') परत येतं, आणि बेरीज करताना टाइपएरर. म्हणून सवय अशी लावा की युनिट पॅरामीटरमधून (फंक्शनच्या कंसातल्या व्हेरिएबलमधून) आत, रक्कम रिटर्नने बाहेर, आणि विचारणं-छापणं हे मेनचं काम.

इथे एक जुगाड सगळ्यांना सुचतो, व्हेरिएबल मेनच्या वर ग्लोबल, म्हणजे सगळ्या फंक्शनना दिसेल असं टाकायचं म्हणजे पास करायची भानगडच नको. करू नका. लूपचा आय ग्लोबल ठेवलात, मेनमध्ये तो 0 ते 4 फिरतोय आणि आतून बोलावलेलं फंक्शन तोच आय 10 पर्यंत नेऊन ठेवतंय, तर मेनचा लूप पहिल्याच फेरीत संपणार. आणि एरर एकही नाही, नुसतं उत्तर चुकीचं, असले बग शोधताना रात्र जाते.

आता स्वॅप. मेनमध्ये ए 5, बी 7, स्वॅपला दिले, आत तिसरं व्हेरिएबल घेऊन व्यवस्थित अदलाबदल केली, बाहेर येऊन छापलं तर परत 5 आणि 7. सी मध्ये फंक्शनला जाते ती किमतीची झेरॉक्स, आणि झेरॉक्सवर कितीही खाडाखोड केली तरी तुमचा ओरिजिनल सातबारा काय बदलत नाही. खरोखर बदलायचं असेल तर पत्ता द्यावा लागतो, कॉल करताना अँपरसँड (&), आत स्टार (*) लावून त्या पत्त्यावर जाऊन किंमत बदलायची. स्कॅनएफमध्ये पहिल्या दिवसापासून अँपरसँड लिहिता ना, ते याचसाठी, वाचलेली किंमत त्याला तुमच्या व्हेरिएबलमध्ये ठेवायची असते. पुस्तकं याला कॉल बाय रेफरन्स म्हणतात, पेपरात तसंच लिहा, मार्क मिळतात, पण सी मध्ये जातो तो पत्ताही कॉपी होऊनच जातो. खरा रेफरन्स सी प्लस प्लसमध्ये भेटेल.

ॲरेचं वेगळंच. ॲरे दिला की पहिल्या एलिमेंटचा पत्ता जातो, म्हणून आत केलेला बदल बाहेर दिसतो, अँपरसँड न लावता. पण आत साइजऑफ (किती बाइट जागा लागते ते सांगणारं) विचारून लांबी काढायला जाऊ नका, 10 इंटचा ॲरे मेनमध्ये साधारण 40 बाइट दाखवेल आणि फंक्शनच्या आत 64-बिट मशीनवर 8, कारण आत तो पॉइंटर, म्हणजे नुसता पत्ता आहे. लांबी वेगळी पॅरामीटर म्हणून पाठवायची, बस.

सी वरून पायथनला आलेल्यांचा इथे हमखास घोळ होतो. फंक्शनला लिस्ट दिली आणि आत अपेंड केलं तर बाहेरच्या लिस्टमध्ये दिसतं, पण आत त्याच नावाला इक्वल टू लावून नवीन लिस्ट दिली तर बाहेर ढिम्म फरक नाही. कारण अपेंड त्याच लिस्टमध्ये भर टाकतं, इक्वल टू फक्त आतलं नाव दुसऱ्या लिस्टला जोडतं. हे वाचून पटत नाही, पायथन ट्यूटर नावाची फुकट साइट आहे तिथे कोड टाकून एकेक लाइन पुढे न्या, बाण कुठून कुठे जातात ते डोळ्यांसमोर दिसतं. नेट नसेल तर कागदावर दोन चौकोन काढा, एक मेनचा, एक फंक्शनचा, आणि प्रत्येक लाइनला किमती खोडून नव्या लिहा. पेपरातला 'आउटपुट सांगा' वाला प्रश्न पण असाच सुटतो.

राहिलं एक, डीफॉल्ट पॅरामीटर, म्हणजे कॉल करताना काही दिलं नाही तर आपोआप धरली जाणारी किमत. पायथनमध्ये फंक्शन लिहिताना डीफॉल्ट म्हणून रिकामी लिस्ट ठेवली, आत त्यात नाव अपेंड केलं, लिस्ट रिटर्न केली. पहिल्यांदा 'सुनील' दिलं, एक नाव आलं. दुसऱ्यांदा 'मेघा' दिलं तर सुनील आणि मेघा दोघंही हजर! ती रिकामी लिस्ट डेफची (फंक्शन जिथे लिहायला सुरू होतं ती) लाइन चालते तेव्हा एकदाच बनते, दर कॉलला नवी नाही. डीफॉल्ट नन ठेवा आणि आत नन सापडलं तर तिथेच नवी लिस्ट बनवा. इंटरव्ह्यूत हा प्रश्न हटकून येतो, एकदा स्वतः टाइप करून चालवून बघा.