ब्राउझर रिकामा असतो तेव्हा

नोकरीच्या पहिल्या वर्षी माझ्या वाट्याला एक सर्च बॉक्स आला. पानावरच्या काही हजार नोंदींचा इंडेक्स (शोधासाठीची सूची) ब्राउझरमध्येच तयार व्हायचा, आणि तो होईपर्यंत टाइप केलेलं अक्षर उमटायचंच नाही. 'रिक्वेस्टआयडलकॉलबॅक' नावाचं काहीतरी असतं, त्यात टाकलेलं काम ब्राउझर मोकळा असताना करतो, एवढं कानावर होतं. इंडेक्स बनवणारं अख्खं फंक्शन (कोडचा तुकडा) उचललं आणि त्यात टाकलं. पान झटकन दिसलं, मी खूश! टाइप करून पाहिलं, तर अडकणं तेच, फक्त जरा उशिराने.

ब्राउझर ते फंक्शन मोकळ्या वेळात सुरू करतो, एवढंच. पानाचा कोड चालवणारा आणि क्लिक हाताळणारा मेन थ्रेड एकच, त्यामुळे एकदा सुरू झालेलं काम मध्येच तोडून क्लिककडे वळणं त्याला जमत नाही. थांबायचं आपणच. कॉलबॅकला, म्हणजे आपण टाकलेल्या फंक्शनला, जे ऑब्जेक्ट मिळतं त्यावर 'टाइमरिमेनिंग' असतं, ते किती मिलिसेकंद शिल्लक आहेत ते सांगतं. मी दर वीस-पंचवीस नोंदींनंतर ते विचारायला लागलो. वेळ संपत आला की कुठवर आलो ते लक्षात ठेवायचं आणि उरलेल्या कामासाठी पुन्हा नंबर लावायचा.

ही शिल्लक असते तरी किती? सेकंदाला ६० फ्रेम (पडद्यावर उमटणारी चित्रं) धरल्या तर एका फ्रेमला जेमतेम १६.७ मिलिसेकंद, आणि त्यातून स्टाइल, लेआउट (कुठला घटक कुठे बसेल ते मोजणं), पेंट ही पान रंगवण्याची कामं वजा जाता उरेल ते. पान अगदी निवांत असलं तरी एका वेळी ५० च्या वर मिळत नाहीत. साधारण १०० मिलिसेकंदांच्या आत प्रतिसाद आला की माणसाला तो लगेच आल्यासारखा वाटतो. म्हणजे आपलं काम नुकतंच सुरू झालं आणि तेवढ्यात कुणी क्लिक केलं, तरी निम्मा वेळ हातात राहतो. हा हिशेब कळला आणि तो ५० चा आकडा डोक्यात पक्का बसला.

पान सतत कामात असेल तर आपला नंबर लागतच नाही. त्यासाठी 'टाइमआउट', म्हणजे जास्तीत जास्त किती वाट पाहायची ती मुदत, देता येतो. मी दिला, आणि नवीनच घोळ. मुदत उलटल्यावर कॉलबॅक यायचा, पण तेव्हा शिल्लक वेळ शून्य असतो, त्यामुळे माझा लूप काहीच न करता बाहेर पडायचा. मुदत उलटली म्हणून बोलावलं का, ते 'डिडटाइमआउट' सांगतं; ते तपासून निदान एक तुकडा तरी उरकावा लागतो.

डॉमला (पानावरच्या घटकांच्या रचनेला) यात हात लावू नका. मजकूर तयार ठेवा आणि पानावर चढवायचं काम 'रिक्वेस्टअ‍ॅनिमेशनफ्रेम'वर, म्हणजे पुढची फ्रेम रंगवण्याआधी चालणाऱ्या कॉलबॅकवर, सोपवा; नाहीतर लेआउट पुन्हा मोजावा लागतो, आणि त्याला किती वेळ लागेल ते आधी सांगता येत नाही. वापराच्या नोंदी सर्व्हरला पाठवण्याचं कामही मी एकदा असंच मोकळ्या वेळेवर ढकललं होतं. लोक टॅब बंद करून निघून जायचे आणि नोंदी तिथेच राहायच्या. आता टॅब लपला की 'सेंडबीकन'ने पाठवतो; पान बंद झालं तरी ते पाठवणं चालू राहतं.

सफारीत हे फंक्शन बरीच वर्षं मिळतच नव्हतं, म्हणून आधी ते आहे का ते तपासा. नसेल तर 'सेटटाइमआउट'वर (दिलेल्या वेळानंतर काम चालवणारं फंक्शन) तेच तुकडे चालवा, फक्त घड्याळ स्वतः लावावं लागेल. मी प्रत्येक तुकड्याला ५ मिलिसेकंद देतो.