घोडा जी५ वर आला तर काय खेळायचं?

नागपूरच्या दिव्या देशमुखने २०२५ मध्ये बुद्धिबळाचा महिला विश्वचषक जिंकला, आणि नागपुरात पटावर बसणारी पोरं वाढली. हौशी स्पर्धेत काळ्याकडून खेळताना ही सुरुवात हमखास समोर येते (घो म्हणजे घोडा, उं उंट, व वजीर, रा राजा, नुसतं घराचं नाव म्हणजे प्यादं; × म्हणजे मारणं, आकड्यापुढे तीन टिंबं म्हणजे काळ्याची चाल): १. ई४ ई५ २. घो-एफ३ घो-सी६ ३. उं-सी४ घो-एफ६ ४. घो-जी५. आता उंट आणि घोडा दोघेही एफ७ वर टपलेत, आणि तिथे राखण फक्त राजाची.

४...डी५ खेळून उंटाची वाट अडवा. ५. ई×डी५ नंतर हात आपसूक घो×डी५ कडे जातो, तो आवरा. तिथे ६. घो×एफ७ रा×एफ७ ७. व-एफ३ शह! घोडा वाचवायचा तर राजाला ई६ वर, भर पटावर यावं लागतं. संगणक तगेल कदाचित, रविवारी तिसरा डाव खेळणारा माणूस नाही.

त्याऐवजी ५...घो-ए५. ६. उं-बी५ शह, सी६ ७. डी×सी६ बी×सी६ ८. उं-ई२ एच६ ९. घो-एफ३ ई४ १०. घो-ई५ उं-डी६. एक प्यादं कमी, पण पांढऱ्याची मोहरी मागे पळतायत आणि तुमची बाहेर येतायत. प्यादं परत मिळवायची घाई नको. आधी कॅसलिंग करा, म्हणजे राजा दोन घरं हत्तीकडे सरकवून हत्ती त्याच्या पलीकडे ठेवा.

कॅसलिंगमध्ये आधी राजाला हात लावा, तोही एकाच हाताने; हत्तीला आधी शिवलात तर हत्तीच चालवावा लागतो. चाल करा, त्याच हाताने घड्याळ दाबा, मग कागदावर लिहा. उलट क्रम चालत नाही.